सह्याद्रीत थंडीने माणूस दगावतो तेव्हा

ऑगस्ट २०२३च्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून हरिश्चंद्रगडावर निघालेला तरुणांचा एक गट दाट धुक्यात आणि पावसात वाट चुकला. रात्र रानात, उघड्यावर काढावी लागली. मदत पोहोचेपर्यंत त्यांच्यापैकी एकाचा मृत्यू झाला होता. कड्यावरून पडून नव्हे, पाण्यात वाहून जाऊन नव्हे, तर थंडीने. ही बातमी पटकन पटण्यासारखी नव्हती. गडाची उंची १४२४ मीटर. तिथे बर्फ पडत नाही. ऑगस्टमध्ये पारा अठरा-वीस अंशांच्या आसपास असतो, आणि एवढ्या तापमानात शहरातली माणसे वातानुकूलित कचेरीत दिवसभर बसतात. मग धडधाकट तरुण माणूस गारठून मरतो कसा?

या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेण्याची गरज तेव्हापेक्षा आता जास्त आहे. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी किल्ल्यांवर होणारी गर्दी वाढतेच आहे. दर जून-जुलैमध्ये जिल्हाधिकारी धबधबे, धरणे आणि काही किल्ल्यांच्या परिसरात प्रतिबंधात्मक आदेश काढतात. पूर्वी ते कलम १४४खाली निघत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३खाली निघतात. जून २०२४च्या अखेरीस लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हा असे आदेश आवश्यकच होते. पण बंदी पाण्याच्या कडेला लागू पडते. रानातल्या उभ्या चढावर, धुक्यात, शरीराच्या आत जे घडते त्यावर तिचा उपाय नाही.

हरिश्चंद्रगडाचीच वाट उदाहरणादाखल घेऊ. पाचनईची वाट तुलनेने सोपी. पिंपळगाव जोगे धरणाच्या बाजूने खिरेश्वरहून येणारी वाट मात्र लांब आणि दमवणारी. खिरेश्वर साधारण सातशे मीटर उंचीवर आहे. म्हणजे गडावर पोहोचेपर्यंत आणखी सातशे मीटर चढावे लागते. मजल्यांच्या हिशेबात ही सव्वादोनशे मजल्यांची चढण झाली, तीही पाठीवर सॅक घेऊन, शेवाळलेल्या दगडांवरून. आधी झाडीतून चढ, मग टोलार खिंड, मग कातळाचा टप्पा, आणि त्यानंतर पठारावर लांबच लांब चाल. धुके असेल तर चुकण्याची जागा हीच. पठारावरची प्रत्येक टेकडी दुसरीसारखीच दिसते.

चढताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिच्यातला जेमतेम पाव भाग प्रत्यक्ष चढण्याच्या कामी येतो. उरलेल्याची उष्णता होते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या पाच-सहा पट उष्णता उभा चढ चढणाऱ्याच्या शरीरात तयार होत असते. म्हणून भर पावसातही घाम फुटतो, रेनकोट नकोसा होतो आणि लोक तो काढून सॅकमध्ये कोंबतात. अंगावरचा सुती टी-शर्ट बाहेरून पावसाने आणि आतून घामाने भिजतो. चालत आहे तोवर काहीच जाणवत नाही, कारण भट्टी पेटलेली असते.

मग माणूस थांबतो. वाट सापडत नाही म्हणून, कोणाचा पाय मुरगळला म्हणून किंवा नुसता दम लागला म्हणून. पाच-दहा मिनिटांत उष्णतेचे उत्पादन कोसळते, पण ती बाहेर जाण्याचा वेग तसाच राहतो. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. ओला कपडा अंगाला चिकटला की कपड्यातली हवेची ऊबदार चादर नाहीशी होते. त्यावर पठारावरचा वारा. वाऱ्याने ओल्या कपड्यातले पाणी उडत राहते आणि बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता तो कातडीतूनच घेतो. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने हा माणूस गार होतो. अशा वेळी हवा अठरा अंश आहे की आठ, याला वाटते तितके महत्त्व राहत नाही.

शरीराच्या गाभ्याचे तापमान एरवी ३७ अंशांच्या जवळपास राखलेले असते. ते ३५च्या खाली गेले की त्याला वैद्यकशास्त्रात हायपोथर्मिया म्हणतात. सुरुवातीला शरीर जोरात कुडकुडते. कुडकुडणे हा स्नायूंनी उष्णता निर्माण करण्याचा प्रयत्न आहे आणि तो चांगला उपयोगी पडतो. पण त्यासाठी इंधन लागते. सकाळी चहा-बिस्किटावर निघालेल्या, दिवसभर चढलेल्या माणसाच्या स्नायूंतला साखरेचा साठा संपत आलेला असतो. ३२ अंशांच्या आसपास कुडकुडणे मंदावते आणि पुढे थांबते. सोबत्यांना वाटते, आता बरे वाटतेय याला. वस्तुस्थिती नेमकी उलटी असते. २८ अंशांच्या खाली हृदयाचे ठोके केव्हाही बिघडू शकतात, इतके की गदागदा हलवण्याचे निमित्तसुद्धा पुरते.

यातली खरी अडचण अशी की सर्वांत आधी बिघडतो तो मेंदू. त्यामुळे ज्याला धोका आहे त्याला तो कळत नाही. तो चिडचिड करतो, बोलताना शब्द अडखळतात, हातातली बाटली सुटते, सपाट जागेवर ठेचकाळतो. ‘मी इथेच बसतो, तुम्ही पुढे व्हा’ असे म्हणतो. गटातल्या इतरांनी हे वाक्य ऐकले की तो थकवा आहे असे न समजता आजार आहे असे समजावे. काही रुग्ण शेवटच्या टप्प्यात अंगावरचे कपडे काढून टाकतात, कारण आखडलेल्या रक्तवाहिन्या अचानक सैल पडल्यामुळे त्यांना उकडू लागते. अशा अवस्थेत सापडलेल्या मृतदेहांभोवती नंतर नाना तर्क लढवले जातात, ते निराळेच.

हिमालयातही हेच होते, फक्त तिथे वेळ कमी मिळतो. जून २०२४मध्ये उत्तरकाशीजवळच्या सहस्रतालच्या वाटेवर बावीस जणांच्या गटातील नऊ जण खराब हवामानात दगावले. ती जागा चार हजार मीटरहून उंच. पण गणित तेच: वारा, ओले कपडे, थकवा आणि निवाऱ्यापर्यंत न पोहोचणे.

निवारा हा यातला कळीचा शब्द आहे. हरिश्चंद्रगडावर, तसाच राज्यातल्या इतर अनेक गडांवर, पायथ्याच्या गावांतले लोक झोपडीवजा हॉटेल चालवतात. चार मेढी, वर पत्रा किंवा प्लॅस्टिकचा कागद, बाजूला कुडाच्या भिंती, सारवलेली जमीन, कोपऱ्यात चूल. तिथे पिठलं-भाकरी मिळते, चहा मिळतो, पथारी पसरायला जागा मिळते. शहरातून येणाऱ्यांना ती गमतीची गोष्ट वाटते, छायाचित्र काढण्याजोगी. वैद्यकीय नजरेने पाहिले तर हायपोथर्मियावरचे उपचार म्हणून जे काही लागते ते सगळे त्या झोपडीत आहे. वाऱ्यापासून आडोसा, कोरडी जमीन, ओले कपडे बदलण्याची जागा, गरम गोड पेय, पिष्टमय जेवण आणि वाट ओळखणारा माणूस. युरोपातल्या आल्प्स पर्वतात गिर्यारोहण संघटनांनी शे-दीडशे वर्षांपासून अशाच साध्या निवाऱ्यांचे जाळे विणले आहे. वाटेवर पाट्या असतात आणि त्यांवर अंतर किलोमीटरमध्ये नव्हे, तर चालण्याच्या तासांत दिलेले असते. माणूस संध्याकाळी पोहोचणार होता आणि पोहोचला नाही, हे निवारा सांभाळणाऱ्याच्या लक्षात येते. आपल्याकडे गडावरच्या झोपडीवाल्याला ‘आज पंधरा जण येणार आहेत’ असा फोन आयोजक करतात तो जेवणाच्या ताटांसाठी. तोच फोन सुरक्षेसाठीही वापरता येईल, त्याला कोणताही शासन निर्णय लागत नाही.

हरिश्चंद्रगड हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. तिथे पक्की बांधकामे नकोत, हे बरोबरच आहे. पण असलेल्या झोपड्यांत दोन-तीन कोरडी घोंगडी, एक स्ट्रेचर, शिट्टी आणि प्रथमोपचाराची पेटी ठेवणे, त्या चालवणाऱ्या तरुणांना दोन दिवसांचे प्रशिक्षण देणे, याने जंगलाचे काही बिघडत नाही. ऑगस्ट २०२१मध्ये राज्याने साहसी पर्यटनाचे धोरण आणले आणि आयोजकांना नोंदणी बंधनकारक केली. ते योग्य पाऊल होते. मात्र गडावर जाणाऱ्यांपैकी पुष्कळ जण कोणत्याच आयोजकाबरोबर नसतात. ते मित्रमंडळी म्हणून, मोबाइलवर वाट बघत जातात. दाट झाडीत आणि घळीत मोबाइलला रेंज नसते आणि पावसात बॅटरी अर्ध्या दिवसात मान टाकते. नोंदणीच्या जाळ्यात न सापडणाऱ्या या मोठ्या वर्गाला भेटणारा पहिला आणि बहुधा एकमेव माणूस म्हणजे तो झोपडीवाला. धोरणात त्याचे स्थान काय, हा विचार व्हायला हवा.

गारठलेल्या माणसासाठी काय करावे, हे सांगणे आवश्यक आहे, कारण चुकीचे उपाय फार प्रचलित आहेत. ओले कपडे काढावेत, नाहीतर कापून काढावेत. कोरडे काही घालून, डोके आणि मान झाकून माणसाला आडवे ठेवावे. खाली जमिनीवर सॅक, दोर, पाचोळा, जे मिळेल ते अंथरावे, कारण ओली जमीन वाऱ्याइतकीच उष्णता खेचते. सर्वांत बाहेरून प्लॅस्टिकचा मोठा कागद गुंडाळावा. साठ-सत्तर रुपयांचा तो कागद सॅकमधली सर्वांत मोलाची वस्तू ठरू शकते. शुद्ध हरपलेली नसेल आणि गिळता येत असेल तर गरम गोड चहा, गूळ, खजूर द्यावा. हातपाय चोळू नयेत. चोळल्याने कातडीकडे रक्त जाते आणि गाभा आणखी थंड पडतो. दारू तर मुळीच देऊ नये. तिने ऊब वाटते खरी, पण ती ऊब शरीराबाहेर चाललेली असते. कुडकुडणे थांबलेल्या माणसाला चालवत नेण्याचा प्रयत्न करू नये. आणि नाडी लागत नाही म्हणून घाईने आशा सोडू नये. अतिशय थंड शरीरात नाडी मंद आणि क्षीण असते, ती शोधायला पूर्ण मिनिट द्यावा लागतो.

मदत मागण्याची आंतरराष्ट्रीय खूण साधी आहे: मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा बॅटरीचा झोत, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर तीन वेळा येते. धुक्यात आवाजच उपयोगी पडतो आणि ओरडण्यापेक्षा शिट्टीला श्वास कमी लागतो.

तरुण थंडीला कमी लेखतात, तर पन्नाशीतले लोक हृदयाला. निवृत्तीच्या आसपासच्या मंडळींचे ट्रेकिंगचे गट आता गावोगावी आहेत. ही स्वागतार्ह गोष्ट आहे, नियमित चालणाऱ्याचे हृदय न चालणाऱ्यापेक्षा चांगलेच राहते. पण आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी एकदम उभा चढ, हे प्रकरण वेगळे. ऑस्ट्रियातल्या आल्प्समधील मृत्यूंच्या अभ्यासातून असे दिसले आहे की डोंगरात पायी फिरणाऱ्यांच्या मृत्यूंत अचानक हृदय बंद पडणे हे एक प्रमुख कारण आहे. मध्यमवयीन आणि वयस्क पुरुष त्यात अधिक आहेत आणि धोका पहिल्या दिवशी जास्त असतो. बरेच तास काही न खाता-पिता चालत राहणेही घातक ठरते. ज्यांना मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा घराण्यात लवकर हृदयविकार आहे त्यांनी आधी डॉक्टरांकडे जावे हे सर्वांना ठाऊक असते. कमी ठाऊक असते ते हे, की चढावर छातीत दुखण्याऐवजी नुसता जबड्यात किंवा डाव्या खांद्यात ताण येतो, ‘ॲसिडिटी’ वाटते, किंवा रोजच्यापेक्षा वेगळाच दम लागतो. मधुमेह्यांत तर दुखणे अजिबात नसू शकते. चालता चालता शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे, ही कसोटी कोणत्याही घड्याळापेक्षा भरवशाची.

उतरताना निराळी कथा. चढ संपला की काम झाले असे वाटते, पण घसरून पडणे उतरतानाच अधिक होते. उतारावर मांडीचे स्नायू लांबत असताना ताण सोसतात. त्या प्रकारच्या कामाने ते लवकर शिणतात, आणि गुडघा ऐनवेळी लटपटतो. दोन काठ्या घेतल्या तर गुडघ्यावरचा भार चांगलाच हलका होतो. काठी ही म्हाताऱ्यांची, हा समज गडाखालीच ठेवून यावा.

रात्र गडावर काढायची तर जमिनीवर झोपण्याचा प्रश्न येतो. मण्यार रात्री फिरते. तिचा दंश बहुधा दुखत नाही, खूण दिसतेच असे नाही, आणि दंश होतो तो झोपलेल्या माणसाला. पहाटे पोटात दुखते, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही. तोवर ‘रात्रीचे पिठलं बाधले’ असा समज झालेला असतो. झोपडीत किंवा तंबूत कडा नीट खोचलेली मच्छरदाणी असेल तर हा धोका पुष्कळ टळतो. आपल्याकडचे सर्पविषविरोधी औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते, त्यामुळे साप ओळखण्यात वा मारून आणण्यात वेळ घालवू नये. बूट घालण्यापूर्वी झटकावेत, विंचवासाठी. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने एकेकाळी मुले दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या साध्या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग दाखवून दिल्यानंतर ते चित्र पालटले. आणि ऊब मिळावी म्हणून बंद तंबूत कोळशाची शेगडी ठेवून कोणीही झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हे सगळे झाल्यावर उरतो तो रुग्णाला खाली आणण्याचा प्रश्न. १०८ची रुग्णवाहिका २०१४पासून राज्यात आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत, पण ती डांबरी रस्त्यापर्यंतच येते. तिथून वरचा प्रवास गावकऱ्यांच्या खांद्यावरून, घोंगडीची किंवा चादरीची झोळी करून होतो. दिवसा, कोरड्या वाटेने, आठ माणसे आलटून पालटून लागली तरी कित्येक तास जातात. रात्री आणि पावसात वेळेचा हिशेब करता येत नाही. राज्यातल्या गिर्यारोहण संस्थांनी एकत्र येऊन बचाव समन्वयाची यंत्रणा उभी केली आहे, तिचे स्वयंसेवक पदरमोड करून धावतात. पण ते पुणे-मुंबई-नाशिकहून निघतात. पहिले चार-पाच तास गावातल्या पोरांचेच असतात आणि त्या पोरांच्या हाती आज ना दोर आहे ना विमा. बचावाला गेलेल्या गावकऱ्याचा पाय मोडला तर त्याची बुडालेली मजुरी कोणी भरून द्यायची, याला सध्या उत्तर नाही. शहरातून येणाऱ्या प्रत्येकाकडून प्रवेशासाठी जे काही शुल्क जमते, त्यातला ठरावीक वाटा पायथ्याच्या गावातल्या अशा पथकाच्या साहित्यासाठी आणि विम्यासाठी बांधून ठेवला, तर आदेशांच्या कागदांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल. पायथ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रालाही पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी वेगळे नियोजन लागेल. सर्पविषविरोधी औषधाचा साठा, गरम करता येतील अशी सलाइन, आणि कमी तापमानही मोजणारा थर्मामीटर. साधा तापमापक ३५ अंशांच्या खाली वाचतच नाही, त्यामुळे गारठलेल्या रुग्णाचे निदान दारातच चुकते.

घरी परतल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप आला, अंग मोडून दुखू लागले, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना ‘मध्यंतरी डोंगरात गेलो होतो’ एवढे आवर्जून सांगावे. साचलेल्या पाण्यातून आणि चिखलातून लेप्टोस्पायरोसिस होतो, गवतातल्या बारीक कीटकांमुळे स्क्रब टायफस. दुसऱ्यात कंबर, काख, जांघ अशा झाकल्या जागी सिगारेटने भाजल्यासारखा, न दुखणारा काळा डाग असू शकतो आणि तो शोधल्याशिवाय दिसत नाही. दोन्ही आजारांवर डॉक्सिसायक्लिन हे जुने, स्वस्त औषध चालते, फक्त ते पहिल्या काही दिवसांत सुरू व्हावे लागते.